कोलियसचं सूतक

नाना सोमवारी पहाटे गेले आणि मंगळवारी सकाळी काकूंनी सांगितलं की कोलियसलाही सूतक लागतं.

हे त्यांनी रडून किंवा रागावून सांगितलं नाही. मागच्या दारात उभं राहून, पदर कानामागे घेत, आज नळाला पाणी नाही असं सांगावं तसं सांगितलं. सरोजिनी झारी घेऊन अंगणात उतरत होती. तिचा एक पाय पायरीवर होता आणि एक फरशीवर.

"तुळशीला आपण हात लावत नाही ना?" काकू म्हणाल्या. "मग यांनाही नाही."

"काकू, ही तुळस नाही. शोभेची झाडं आहेत."

"तुळशीच्या कुळातली आहेत. हे मी म्हणत नाही, तुझे वडील म्हणायचे. अख्ख्या आळीला माहीत आहे."

ते खरं होतं. नानांनी तीस वर्षं हायस्कुलात शास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावरही ते थांबले नाहीत. घरी आलेल्या कुणालाही, मग तो विजेचं मीटर वाचायला आलेला का असेना, ते मागच्या अंगणात कोलियसपाशी नेत आणि एक दांडा दोन बोटांत धरून फिरवायला लावत. काय लागतं? कोपरे लागतात. किती? चार. आता तो तुळशीचा फिरवा. तुळशीचाही चौकोनी निघे. मग नाना म्हणत, "एकाच कुळातल्या. एकीला वृंदावन मिळालं, दुसरीला कुंडी." मीटरवाला मान डोलावून जाई. काकू दर वेळी दारातून ऐकत. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं असेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

काकू म्हणजे नानांच्या थोरल्या भावाची बायको. काका जाऊन वीस वर्षं झाली होती. दिल्लीगेटाजवळच्या त्या घरात सोवळं, सूतक, सोयर, ग्रहण आणि अधिक महिना ही खाती काकूंकडे होती. बाकीची नानांकडे. नाना स्वतः देवापुढे क्वचितच बसत, पण काकूंचा एकही नियम त्यांनी कधी मोडला नव्हता. ते म्हणत, नियम चुकीचा वाटला तर बदलून घ्यावा, तोवर पाळावा. प्रयोगशाळेत आणि घरात त्यांचं धोरण एकच होतं.

सरोजिनीने झारी पायरीवर ठेवली.

सूतक दहा दिवसांचं, घरच्या सगळ्यांना. तुळशीला पाणी घालायला शेजारचं माणूस लागतं. ते काम रतनबाईकडे गेलं. रतनबाईचा गोठा मागच्या आळीत होता. दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं, तीन म्हशींची एकच राहिली होती, आणि एप्रिलात तिचंही दूध पाण्यासारखं येत होतं. हे रतनबाई स्वतःच सांगायची, म्हणजे गिऱ्हाइकाने म्हणायला नको.

"तुळशीला घालते की," ती म्हणाली. "आन ही रंगीत पानंबी व्हय?"

"तीही," सरोजिनी दारातूनच म्हणाली. "पण जपून. पानांवर नको, मुळाशी. सकाळी लवकर. आणि जागा हलवायची नाही."

"येवढं कवतिक कशाचं म्हनायचं ताई? ना फूल, ना फळ. माझी बकरी सुदीक तोंड लावत न्हाई."

"तरीही."

"बरं," रतनबाई म्हणाली.

कुंड्या एकतीस होत्या. उत्तरेच्या भिंतीला लागून नानांनी बांबूंवर गोणपाट बांधलं होतं आणि उन्हाळ्यात ते दिवसातून दोनदा भिजवत. नगरच्या हवेत कोलियस जगवायचा म्हणजे हवेशीच भांडण. त्याला सावली लागते, पण अंधार चालत नाही. ओल लागते, पण पाणी साचलं की मुळं कुजतात. शेंडे खुडत राहावे लागतात, नाहीतर काठीसारखा उंच वाढून पडतो. आणि तुरे यायला लागले की तेही खुडायचे. निळसर बारीक फुलांचे तुरे. ते ठेवले तर झाड बी धरतं आणि मग त्याला पानांत रस उरत नाही. एक झाड फार तर दोन वर्षं. त्यामुळे नाना फांद्या पाण्यात ठेवून मुळं फुटली की नवीन कुंडीत लावत. पंचवीस वर्षांपूर्वीचा पहिला कोलियस कुठला, हे आता कुणाला सांगता आलं नसतं. तोच होता आणि तो नव्हताही.

मंगळवारी नळाला पाणी नव्हतं. एक दिवसाआड, तेही अर्धा तास. रतनबाई घरून कळशी घेऊन आली ती अकरा वाजता. तिने तुळशीला नीट पाणी घातलं, नमस्कार केला आणि उरलेलं पाणी कोलियसवर वरून शिंपडलं, सडा घालावा तसं. मग उभी राहून पाहिलं. पानं मरगळलेली होती. तिला ते पाहवलं नाही. एकेक कुंडी उचलून तिने सगळ्या एकतीस कुंड्या गोणपाटाखालून काढून अंगणाच्या मधोमध उन्हात मांडल्या, ओळीत, आणि घरी गेली.

सरोजिनीला हे दिसलं तेव्हा साडेबारा झाले होते. ती नानांच्या खोलीतून पाणी प्यायला उठली होती.

पानांवर थेंब होते आणि थेंबांवर ऊन होतं. मरून रंगाची पानं कडेने तपकिरी होऊन आत वळत होती. पिवळी तर पांढरी पडली होती. तिच्यापासून पहिली कुंडी चार पावलांवर होती. सुमंत, नाशिकहून आलेला तिचा धाकटा भाऊ, ओटीवर मुंडन केलेलं डोकं भिंतीला टेकून बसला होता. त्याची बायको प्रेमला आत होती. कुणालाच हात लावता येत नव्हता. सगळे एकाच सुतकात होते.

"प्रेमला, रतनबाईला हाक मारता येईल का?"

"मारते, वन्सं." प्रेमला मागच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. "म्हैस घेऊन चारा छावणीवर गेल्यात. संध्याकाळी येतील म्हणे."

सरोजिनीचा सुतकावर विश्वास नव्हता. ती वाचनालयात काम करत होती आणि ज्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये अशी बरीच पुस्तकं तिने वाचली होती. चार पावलं टाकून कुंड्या सावलीत नेणं तिला अवघड नव्हतं. काकू रागावल्या असत्या, महिनाभर बोलल्या नसत्या, एवढंच. पण सोमवारी संध्याकाळी अमरधामच्या स्मशानातून पुरुष परत आल्यावर काकूंनी घरातल्या चौघांच्या चटया माजघरात मांडल्या होत्या. सुमंतची, प्रेमलाची, स्वतःची आणि सरोजिनीची. चौथी चटई मांडताना त्या थांबल्या नव्हत्या. सरोजिनीने ते पाहिलं होतं. दहा दिवस त्या चटईवर झोपायचं, केस विंचरायचे नाहीत, गोड खायचं नाही. नानांसाठी करण्यासारखं आता एवढंच उरलं होतं, आणि ते तिला पूर्ण करायचं होतं. नियम मोडला की ती चटईही गेली.

ती दारातच उभी राहिली. तीन वाजता भिंतीची सावली पहिल्या ओळीवर आली.

संध्याकाळी रतनबाईने कुंड्या आत सरकवल्या. "मला काय ठावं," ती म्हणाली. "आमचं पीक उनातच येतं. आलं तर."

बुधवारी सकाळपर्यंत तीन झाडं मानेतून वाकली होती.

बुधवारी दुपारी राधाकृष्णगुरुजी आले. दहाव्याचं सामान सांगायचं होतं. गुरुजी सायकलवरून येत आणि धोतराला लावलेल्या क्लिपा न काढता बसत, कारण त्यांना नेहमी पुढच्या घरी जायचं असे. त्यांनी सुमंतला यादी सांगितली. काळे तीळ, दर्भ, जवाचं पीठ. सुमंत लिहून घेत होता. काकू दारात होत्या, प्रेमला त्यांच्या मागे.

"गुरुजी, एक विचारायचं होतं," सरोजिनी म्हणाली. "कोलियसला सूतक असतं का?"

"कुणाला?"

काकूंनी खुलासा केला. चौकोनी दांड्यासकट.

गुरुजींनी विचार केला. "शास्त्रात या झाडाचा उल्लेख नाही," ते म्हणाले. "परदेशातलं दिसतंय. पण कूळ तुळशीचं असेल तर, सुतकात न शिवणं बरं. न शिवल्याने दोष लागत नाही."

"झाडं मरतात."

"झाडं मरतात," गुरुजींनी मान्य केलं. "माझ्याकडचा पारिजातक गेला परवा."

काकूंनी मान हलवली. प्रश्न मिटला होता. गुरुजींनी गुडघ्यांवर हात टेकले, उठण्यासाठी.

सरोजिनीला तेव्हा ते सुचलं. वाचनालयातल्या कुठल्याशा जाडजूड ग्रंथात तिने ते पाहिलं होतं आणि पान उलटलं होतं. ते बोललं की काय होईल हे तिला दिसत होतं, आणि न बोललं तर काय होईल तेही मागच्या दारातून दिसत होतं.

"गुरुजी," ती म्हणाली, "लग्न झालेल्या मुलीला वडिलांचं सूतक किती?"

सुमंतची पेन्सिल कागदावरच राहिली.

या घरात अकरा वर्षांत तो विषय निघाला नव्हता. लग्नानंतर आठ महिन्यांनी सरोजिनी काष्टीहून दिवाळसणाला आली आणि परत गेली नाही. तिला कुणी मारलं नव्हतं, मानपानावरून छळ नव्हता. सासूबाई दिवसभर बोलत आणि संध्याकाळी, दिवसभर काय बोलल्या ते मुलाला सांगत. शामकांत तिथले पोस्टमास्तर. ते ऐकून घेत. घरात पंचांगाखेरीज छापील असं काही नव्हतं. भाऊबीज झाली, पाडव्याचे कपडे जुने झाले, तरी ती निघेना, तेव्हा नानांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "खालच्या ओळीतले तुरे खुडायचे राहिलेत." तेवढंच. त्या दिवसापासून खालची ओळ तिची झाली. मग दोन्ही. घरात काष्टी हा शब्दसुद्धा कुणी उच्चारत नसे. काष्टीच्या बाजारातून कुणी बैलजोडी आणली तर सुमंत ती 'तिकडची' आहे असं सांगे.

गुरुजींना हे सगळं ठाऊक होतं. तिच्या लग्नाचे मंत्र त्यांनीच म्हटले होते. त्यांनी पायातल्या क्लिपा एकदा चाचपल्या.

"विवाहित कन्येला तीन दिवस," ते म्हणाले. "ती दुसऱ्या गोत्राची झाली. तीन रात्री झाल्या, चौथ्या दिवशी स्नान केलं की शुद्ध."

"आज तिसरा दिवस."

"हो. पण," गुरुजी काकूंकडे न पाहता म्हणाले, "म्हणजे, तुम्ही तसं म्हणत असाल तर. गोत्र सांगावं लागेल."

"कौशिक," सरोजिनी म्हणाली.

नानांचं वसिष्ठ होतं. ते ओटीवरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. सरोजिनीने तो शब्द लग्नानंतर पहिल्यांदाच उच्चारला होता आणि तो तिला दुसऱ्याच कुणाच्या नावासारखा लागला.

"मग उद्या सकाळी मोकळ्या," गुरुजी म्हणाले आणि या वेळी खरंच उठले.

काकू बराच वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "मग जावयांना कळवायला हवं. तिला असेल तर त्यांनाही पाळावं लागतं. सुमंत, एक कार्ड टाक."

"काकू, अहो," सुमंत म्हणाला.

"कार्ड टाक. मरणाचं कार्ड आहे, कोपरा फाड आणि टाक. नियम काय एकाच बाजूने असतो का?"

सुमंतने कार्ड लिहिलं, कोपरा फाडला आणि बहिणीला दाखवलं. पत्त्यावर 'काष्टी, ता. श्रीगोंदे' असं स्वच्छ अक्षरात होतं. ती म्हणाली, ठीक आहे.

त्या रात्री माजघरात चार चटयांऐवजी तीन होत्या. चौथी काकूंनी नीट गुंडाळून भिंतीला उभी केली होती. सरोजिनीसाठी आतल्या खोलीत गादी घातली होती. पांढरी स्वच्छ चादर, उशीला नवीन अभ्रा. पाहुण्याला घालतात तशी.

गुरुवारी पहाटे तिने डोक्यावरून पाणी घेतलं आणि अंगणात उतरली.

करपलेलं पान परत हिरवं होत नाही. ते होईल म्हणून वाट पाहत बसणं ही नवशिक्याची चूक. तिने नानांचा वस्तरा घेतला आणि प्रत्येक झाडाचा जिवंत भाग शोधायला सुरुवात केली. दांडा नखाने जरा खरवडायचा. आत हिरवा निघाला तर त्याच्या खालच्या पेराशी तिरका छेद. खालची पानं काढायची, वरची चार ठेवायची, मोठी असली तर अर्धी कापायची. औषधाच्या बाटल्या घरात भरपूर होत्या. नानांच्या शेवटच्या तीन महिन्यांच्या. तिने त्या धुतल्या, लेबलं राहू दिली, आणि पाणी घालून प्रत्येकीत दोन-दोन फांद्या ठेवल्या. दिवसातून दोनदा अमुक चमचे, जेवणानंतर. खिडकीत बाटल्यांची रांग लागली. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, सगळं कुंड्यांना गेलं. दोन कुंड्यांत पानांवर पांढरी पिठ्या कीड धरली होती, ती तिने कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून टिपली. गोणपाट भिजवलं.

घरातले तिघं तिच्यापासून बेताने लांब राहत, कारण आता ती शुद्ध होती आणि ते नव्हते. स्वयंपाकही तिच्याकडे आला. पुरणाचं, गोडाचं काही नव्हतं, पण तिला खायला आता मनाई नव्हती. प्रेमलाने तिला एकदा विचारलं, "वन्सं, तुम्ही केस विंचरणार का?" टोमणा नव्हता. तिला खरंच माहिती हवी होती.

"विंचरते," सरोजिनी म्हणाली आणि विंचरले.

नाना गेल्यापासून ती रडली नव्हती. पहिले तीन दिवस रडायला वेळ होता, पण दार सोडवत नव्हतं. नंतरचे दिवस काम होतं. दहाव्याला सुमंत आणि गुरुजी नदीवर गेले, पिंडाला कावळा लगेच शिवला. सुमंत परत येऊन म्हणाला, "नानांना कशात अडकून पडायची सवय नव्हतीच." अकरा कुंड्या गेल्या, वीस राहिल्या. बाराव्या दिवशी खिडकीतल्या बाटल्यांत पहिली मुळं दिसली, पांढरी, दोऱ्याच्या टोकाएवढी.

तेराव्याला शामकांत आले.

अकराच्या एस.टी.ने आले, जेवणाच्या वेळी. पोट थोडं सुटलं होतं, छत्री तीच होती. सुमंतने पाय धुवायला पाणी दिलं, काकूंनी पाट मांडला, रांगोळी काढली. जावई म्हणून त्यांना सगळ्यात आधी वाढलं. जेवताना कुणी काही बोललं नाही, ते तेराव्याला शोभूनही दिसलं. जेवण झाल्यावर सुमंत म्हणाला, "जरा मागे सावलीत बसा ना," आणि प्रेमलाला आत घेऊन गेला.

शामकांत पायरीवर बसले. सरोजिनी कुंड्यांपाशी उभी होती.

"कार्ड मीच सॉर्ट केलं," ते म्हणाले. "कोपरा नाही हे आधी दिसलं, नाव नंतर."

"तुम्ही यायला हवं होतं असं नाही."

"पत्र आलं म्हणून आलो." त्यांनी छत्री मांडीवर घेतली. "तीन दिवस पाळले मी. काउंटरवर लोकांना तिकिटं वरून टाकली. एकजण म्हणाला, पोस्टमास्तर, आम्ही काय महारोगी आहोत का."

ती हसली नाही, पण हसू आलं होतं.

"आई गेली," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली मार्गशीर्षात."

"मला कळवलं नाहीत."

"कळवलं असतं तर तुला दहा दिवस पाळावे लागले असते. म्हटलं, कशाला."

हा माणूस आठ महिन्यांत एकदाही असं वाक्य बोलला नव्हता. कदाचित त्याला कुणी बोलू दिलं नव्हतं. सरोजिनीला हे उशिरा मिळालेल्या पत्रासारखं वाटलं. मजकूर चांगला, तारीख जुनी.

"तिकडे पडवी उत्तरेला आहे," शामकांत कुंड्यांकडे पाहत म्हणाले. "सावली असते दिवसभर. विहिरीला अजून थोडं पाणी आहे. सुमंतचं पत्र वाचून वाटलं, की तू आता, म्हणजे सूतक तिकडचं पाळलंस, तर."

"मी येणार नाही," ती म्हणाली. "तुमचं काही चुकलंय म्हणून नाही."

"नाही, मला वाटलंच होतं." त्यांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "विचारलं नसतं तर मनात राहिलं असतं."

"एखादी फांदी देऊ का? मुळं फुटलीत."

"नको. माझ्याकडून जगायची नाही." ते उठले. "तीनची गाडी आहे."

ते गेल्यावर काकू ओटीवरून आत आल्या. सुमंत आणि प्रेमला त्यांच्या मागे. सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं, तेवढ्या घरात ऐकू न येणं शक्य नव्हतं.

"ताई, माणूस वाईट नाही," सुमंत म्हणाला. "आणि तू स्वतःच सांगितलंस ना गुरुजींना."

"चार माणसांत सांगितलंस," काकू म्हणाल्या. "मी काही म्हटलं होतं का तुला अकरा वर्षांत? माझ्या तोंडून एक शब्द गेला? तू गोत्र सांगितलंस. आता घर कुठलं तेही सांग."

सरोजिनीने पाट उचलायला घेतले. काकूंनी परत विचारलं नाही. पंगतीची भांडी पडली होती.

रविवारी सकाळी सुमंत आणि प्रेमला नाशिकला गेले. सुमंतची बँकेतली रजा संपली होती. टांगा वळणाआड गेल्यावर काकू दूध तापवायला आत आल्या, तेव्हा सरोजिनी माजघरात होती. भिंतीला उभी केलेली चटई तिने जमिनीवर पसरली होती आणि तिच्यावर बसली होती. केस मोकळे होते.

"अंग दुखतंय का?"

"नाही. सूतक आहे."

काकूंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "कुणाचं?"

"नानांचं. तीन दिवस काष्टीच्या नावाने पाळले. सात राहिलेत, ते आता पाळते."

"सूतक काय हप्त्याने फिटतं?"

"ठाऊक नाही. पण माझे सात दिवस बाकी आहेत."

"गुरुजींपुढे गोत्र सांगितलंस ते काय मग? खोटं?"

"गोत्र खरं आहे," सरोजिनी म्हणाली. "झारी हातात यायला दुसरा रस्ता नव्हता. पण घर ते नाही. तुम्ही विचारलंत ना काल."

काकू चुलीकडे गेल्या, दूध चढवलं, उतू जायच्या आत उतरवलं. मग मागच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आठ वाजून गेले होते आणि ऊन गोणपाटाच्या कडेपर्यंत आलं होतं. गोणपाट कोरडं होतं. वीस कुंड्या आणि नव्याने लावलेल्या फांद्या सकाळपासून तशाच होत्या.

"झाडांचं काय?" काकूंनी दाराकडे तोंड करूनच विचारलं.

"मला शिवता येणार नाही."

हे काकूंना सांगायची गरज नव्हती. तो नियम त्यांचाच होता. सरोजिनीला सूतक नाही असं म्हटलं, तर तिला आता उठून पाणी घालायला सांगता आलं असतं. मग ती काष्टीची. सूतक आहे म्हटलं, तर पाणी घालायला दुसरं कुणी पाहिजे होतं. काकूंना हे दिसत होतं, आणि त्यांना दिसतंय हे चटईवरून दिसत होतं.

फाटकाशी रतनबाई आली, दुधाची बरणी घेऊन. "ताई बसून का?" तिने विचारलं.

"तिला सूतक आहे," काकू म्हणाल्या.

"आं? काल तर तेरावं जेवलो की आपन."

"तिचं राहिलंय."

रतनबाईने यावर विचार केला, पण फार नाही. "मग मी घालू का पानी झाडान्ला?"

"तू नको," काकू म्हणाल्या. "तू उन्हात काढशील."

त्यांनी पदर खोचला, पायरीवरची झारी उचलली आणि अंगणात उतरल्या. पंचवीस वर्षांत त्या कोलियसच्या इतक्या जवळ कधी गेल्या नव्हत्या. पहिल्या कुंडीपाशी त्या वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"किती घालायचं?"

"आधी मातीत बोट घाला," सरोजिनी आतून म्हणाली. "पहिल्या पेरापर्यंत. कोरडी लागली तरच."

काकूंनी बोट घातलं. "ओल आहे."

"मग त्याला नको. पुढचं बघा."

अशा वीस कुंड्या झाल्या. काकू प्रत्येक वेळी मोठ्याने सांगत, कोरडं, ओलं, कोरडं, मधलंच काहीतरी. सरोजिनी आतून सांगत होती. रतनबाई बरणी काखेत घेऊन पाहत होती.

"याला मधून काहीतरी आलंय. निळं निळं," काकू म्हणाल्या.

"तुरा आहे. खुडा."

"फूल खुडू? देवाला नाही, काही नाही, नुसतं?"

"नुसतं. आणि खालचा शेंडाही, दोन पानांच्या वर. खुडलं की तिथून दोन फुटतात."

काकूंना ते पटलेलं दिसलं नाही. पण त्यांनी खुडलं. नख लागल्याचा बारीक आवाज माजघरापर्यंत आला. मग त्या तो शेंडा घेऊन पायऱ्या चढून आल्या, बरोबर खुडला की नाही ते दाखवायला. मरून रंगाचं पान, कडेला हिरवी रेघ. सरोजिनीने पाहायला हात पुढे केला.

काकू झटकन मागे सरकल्या आणि शेंडा त्यांनी लांबूनच उंबऱ्यावर ठेवला.

"लांब," त्या म्हणाल्या. "शिवू नकोस मला. सूतक आहे ना तुला?"

"हो," सरोजिनी म्हणाली.

"मग नीट बस. जेवायला मी वाढीन वरून." आणि त्या परत अंगणात गेल्या, कारण नव्या फांद्यांची ओळ राहिली होती.

सरोजिनीने चटई भिंतीकडे ओढली आणि गुडघ्यांत तोंड घातलं. बाहेरून काकूंचा आवाज येत होता. कोरडं. हे कोरडं. हे ओलं गं. बराच वेळ आतून उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी अंदाजाने पाणी घातलं आणि पुढच्या कुंडीकडे वळल्या.